मालिशवाली कोणी लावली?

विश्वास ठेवू नका, चालेल. पण हे खरं आहे. माझ्या धाकट्या भावाच्या घरी, गेल्या श्रावणात, भर दिवसा घडलंय. पनवेलजवळ, करंजाड्याला. नवी इमारत, चकचकीत लिफ्ट.

भावजय निशा बाळंत झाली. ओवे गावात तिच्या माहेरी घराचं बांधकाम निघालेलं, म्हणून बाळंतपण आमच्याकडे.

आणि मालिशवाली यायला लागली.

बाथरूममध्ये भिंतीकडे तोंड करून, पाय पसरून बसायची. नडग्यांवर बाळ. काम चोख.

माझ्या आईला वाटलं, विहीणबाईंनी पाठवली. विहीणबाईंना वाटलं, आम्ही लावली. खात्री कोणीच केली नाही. जो विचारेल त्याच्या गळ्यात तिचा पगार!

मीसुद्धा गप्पच.

निशा मात्र सुकत चालली. झोप नाही. जेवण नाही.

"ताई, ती बाई जातच नाही."

"अगं, आत्ताच तर गेली."

"नाही... पाळण्यापाशी आहे."

पंखा बंद होता.

पाळणा हलत होता...

भाऊ परेशने मानसोपचाराचं नाव काढलं, तर आई उसळली. "झोप येत नाय म्हंजे डोक्याचा डॉक्टर? आमी काय लोळत व्हतो? खासगीवाला खिसा कापंल नुसता!"

मग एका दुपारी निशाने बाळासकट स्वतःला कोंडून घेतलं.

"दार उघडलं तर ती त्याला नेईल!"

परेशने दार तोडलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना. केसपेपर नाममात्र, गोळ्या फुकट. डॉक्टरीणबाईंनी आईलाच समोर बसवलं. "आजी, हा आजार आहे. नाटक नाही. हिला झोपू द्या, बाळ तुम्ही सांभाळा."

आईने सांभाळलं. निशा झोपली.

मालिशवाली त्या दिवसापासून आली नाही.

तेव्हा कुठे दोन्ही घरं बोलली.

"बाई तुमचीच ना?" विहीणबाई गुणाबाईंनी विचारलं.

"आमची नाय. तुमची हाय ना?" आई म्हणाली.



निशा आता बरी आहे. हसते, भांडते. परवा मी म्हटलं, "आजारात भास होतात गं. पण आम्हीही तिला पाहिलं ना..."

"काय पाहिलंत, ताई?"

मी आठवून पाहिलं. पाठ. अंबाडा. तेलकट हात.

चेहरा... आठवेना. आईलाही नाही. परेशलाही नाही.

"मी पाहिला," निशा म्हणाली. "म्हणून तर झोपत नव्हते."

कसा होता, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.