महावृत्त घसरलं!

"अरे, कडी घसरलीय!" टिकलीने वर बोट दाखवलं.

तारांगणाच्या सभागृहात तिच्या मावशीने बनवलेला आकाशगोल छताला साखळ्यांनी टांगला होता. पोकळ, नुसत्या पोलादी कड्यांचा! निळी कडी विषुववृत्ताची, पिवळी सूर्याच्या वाटेची. सुट्टीत आलेल्या टिकलीने आणि मावशीच्या मुलाने, भोपूने, त्या स्वतः रंगवल्या होत्या. आता उद्घाटनाची वेळ झाली होती, आणि गोलाच्या बरोब्बर खाली बालवाडीची पोरं मांडी घालून बसली होती.

"मला तर सगळं ठीक दिसतंय," भोपू म्हणाला.

"डोळे आहेत की बटणं? मावशीने काय सांगितलं होतं? ही दोन्ही महावृत्तं. म्हणजे आकाशाचे बरोबर दोन अर्धे करणारी वर्तुळं. ती एकमेकांनाही अर्ध्यातच कापतात! छेद अगदी समोरासमोर हवेत. बघ, दोन्ही एकाच बाजूला सरकलेत. पिवळी निसटतेय!"

भोपूने लगेच मावशीला फोन लावला. पण मावशी उद्घाटनाच्या पाहुण्याबाईंना आणायला गेली होती आणि फोन उचलत नव्हती. दोघं धापा टाकत व्यवस्थापककाकांच्या खोलीत शिरली. काका आरशासमोर टाय सारखा करत होते.

"काका, महावृत्त घसरलंय!"

"बातम्याबितम्या नंतर!" काका म्हणाले. वृत्त म्हणजे बातमी, एवढंच त्यांना ठाऊक!

"बातमी नाही हो, वर्तुळ! पिवळी कडी! तिची एक साखळी कुठंय?"

"ती होय? मीच काढायला लावली. माझ्या नावाच्या फलकासमोर मधेच येत होती. बाकीच्या आहेत की! पळा, डोकं खाऊ नका."

दोघं सभागृहात परतली तोच वरून 'कर्रर्र' आवाज आला. 'पळा' म्हणून ओरडावं, तर दाराशी चेंगराचेंगरी होणार, चिमुरडी तुडवली जाणार. काय करावं? तिने माईक ओढला.

"मंडळी, एक महावृत्त आहे! मोठ्ठं! पण ते बाहेर अंगणातच सांगणार! आधी छोटे दोस्त, हात धरून, रांगेने!"

"कसली बातमी? कसली बातमी?" करत मोठी माणसंही मागोमाग निघाली. टाय सावरत काकासुद्धा! एक चिमुरडं तेवढं बूट शोधत रेंगाळलं होतं. भोपूने त्याला सरळ काखोटीला मारलं आणि दार गाठलं.

धडाम्!

पिवळी कडी खाली आदळली होती आणि फरशीच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या. पाहुण्याबाईंबरोबर नेमकी तेव्हाच पोचलेली मावशी दारातच थिजली. "मी... तो फलक... साखळी मीच काढायला लावली," काका म्हणाले.

"शाबास, पोरांनो!" सगळा प्रकार ऐकून पाहुण्याबाई म्हणाल्या. "मोठी माणसं वर नुसती पाहत होती, नीट लक्ष तेवढं तुम्हीच दिलंत."

"मावशी, तुझी इतक्या महिन्यांची मेहनत..." टिकली पुटपुटली.

"जाऊ दे गं! कडी काय, दुसरी वळता येते," असं म्हणत मावशीने अंगणात खिदळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. "त्यांच्या आयांना मी काय सांगितलं असतं?"

तेव्हा कुठे टिकली मावशीला घट्ट बिलगली आणि हमसून हमसून रडली.