पट्ट्याचा सांधा

सरका जरा आत, वारं लागतंय. आणि मधे कुणी उठायचं नाही. उठायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

आता सांगतो ती माझ्यावर बेतलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो कुंडलिक मिस्त्री भोरात आमच्याच आळीला राहायचा. त्याच्या तोंडून मी ही हकिकत दोनदा ऐकली. मधे सहा वर्षं गेली होती, पण दुसऱ्या वेळी एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

सन अडतीस. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. कुंडलिक सकाळच्या मोटारीनं नसरापूरला उतरला आणि तिथून वेल्ह्याच्या वाटेला एका बैलगाडीत बसला. सोबत हत्यारांची पेटी आणि पोत्यात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा. मार्गासनीच्या अलीकडं, गुंजवणीच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून नांदती आहेत. तिथं रखमाजीरावांची भात सडायची गिरणी होती. गिरणीचा पट्टा जागेवर ठरत नव्हता, म्हणून मिस्त्रीला बोलावणं गेलं होतं.

या गिरणीची खुबी आधी समजून घ्या. मागच्या खोलीत तेलावरचं इंजिन. त्या इंजिनानं एक लाकडी ढोल फिरायचा, आणि त्याच्यासमोर दुसरा ढोल, तो सडायच्या यंत्राचा. दोन्ही ढोल गाजरासारखे निमुळते, पण उलटसुलट बसवलेले. एकाचं जाड टोक जिथं, तिथं दुसऱ्याचं बारीक. दोघांवरून मिळून चामड्याचा एकच रुंद पट्टा. पट्टा उजव्या टोकाला सरकवला की यंत्र झपाझप पळायचं, डाव्या टोकाला आणला की संथ व्हायचं. जाडंभरडं भात असलं तर पळवायचं. आंबेमोहोर आला की गती उतरवायची, नाहीतर तांदळाची नुसती कणी होते. आणि हे सगळं चालत्या इंजिनावर. त्यासाठीच तो दांडा. त्याच्या टोकाला लोखंडाची दोन बोटं होती, त्या बोटांच्या मधून पट्टा धावायचा. माणसानं चार हात लांब उभं राहून दांडा ढकलायचा, की बोटं पट्ट्याला सरकवत न्यायची. पट्ट्याला हात लावायचं कामच नाही.

दिवाळीत त्या दांड्याचं एक बोट तुटलं. कुंडलिकच येऊन दांडा काढून घेऊन गेला. ‘चार दिसांत जोडून आनतो’ म्हणाला. गिरणीवर कोंडिबा नावाचा माणूस होता, इंजिनापासून सगळं तोच बघायचा. त्यानं विचारलं, “आन् तवर काय करू, मिस्त्री?”

कुंडलिक घाईत होता. पेटी उचलता उचलता म्हणाला, “हातानं सरकव की. तळव्यानं कडंला दाब दिला, की सरकतोय.”

भोरात आल्यावर दुसरं काम निघालं. मग तिसरं. दांडा कोपऱ्यात पडून राहिला. बाविसाव्या दिवशी कळलं, की कोंडिबा पट्ट्यात ओढला गेला. आधी हात गेला, मग खांदा… जाऊ द्या. त्याच्या बायकोला तोंड बघू दिलं नाही, एवढंच सांगतो.

त्यानंतर महिन्यानं हा गुरुवार. गाडी दुपारी गिरणीपाशी पोचली. रखमाजीराव दारातच उभे होते. आडवा बांधा, डोक्याला मफलर.

“या, मिस्त्री. लई वाट बघाया लावली.”

“दांडा आनलाय.”

“बसवा झटदिशी. तीन मानसं ठेवली, तिन्ही पळाली. पट्टा येगाच्या अंगाला ऱ्हातच न्हाई. ढकलला, की आपला आपण माघारी येतोय. कुनी वढल्यागत.”

कुंडलिक पेटी उघडत होता. खाली बघतच तो म्हणाला, “पट्टा सरकवताना इंजिन बंद करायचं हुतं, रखमाजीराव.”

“बंद केलं की परत तापवाया अर्धा घंटा जातोय. हितं गाड्यांची रांग लागलेली.” रखमाजीराव जवळ आले, आवाज खाली आणला. “आन् त्यो प्यालेला हुता. पंचनाम्यात तसंच लिवलंय. तुमी तुमचं काम बघा.”

कोंडिबा प्यालेला! जो माणूस सुपारीचं खांड तोंडात टाकत नव्हता तो! कुंडलिकला हे ठाऊक होतं. पण त्याला हेही ठाऊक होतं, की पंचनाम्यात तसं लिहिलंय तोवर त्याचं स्वतःचं नाव कुठंच येत नाही. त्यानं पेटीतून पाना काढला. आणि तो कामाला लागला.

दिवस मावळेतो दांडा बसला. इंजिन लावून बघितलं. पट्टा उजवीकडं नेला, राहिला. डावीकडं आणला, राहिला. काही खोट नाही. रखमाजीराव खूश होऊन घरी गेले, त्यांच्याकडं गुरुवारची पूजा होती. कुंडलिकनं इंजिन थांबवलं आणि पट्टा दोन्ही ढोलांवरून उतरवून खाली सैल सोडला. चामडं रात्रभर ताणावर राहू नये, म्हणून तसं करतात. परतायला गाडी नव्हती, तेव्हा इंजिनाच्या खोलीत उबेला झोपायचं ठरलं.

कंदील लावतो तोच दारात एक बाई. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. कोंडिबाची बायको, सगुणाबाई.

“जेवान आनलंय,” ती म्हणाली. फडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि तिथंच खाली बसली. बराच वेळ आत बघत राहिली. पट्ट्याकडं नाही, नव्यानं बसवलेल्या दांड्याकडं.

“मिस्त्री, एक इचारू? तुमी जानकार मानूस.”

“इचारा की, वैनी.”

“ते हातानं सरकवायचं असतंय का?”

कुंडलिकनं कंदिलाची वात खालीवर केली.

“सारा गाव म्हंतोय, प्याला आन् पडला. माजी पोरगी पान्याला गेली, तर तिथं बी तिला दारुड्याची म्हंत्यात. म्या म्हंते, शुद्धीतला मानूस पट्ट्याला हात कशाला लावंल? कुनी सांगितल्याबिगर कशाला लावंल? तुमी सांगा. असतंय का तसं?”

कुंडलिकनं पेटीचं झाकण लावलं.

“न्हाई, वैनी,” तो म्हणाला. “तसं कुनी करत न्हाई.”

सगुणाबाई उठली. पदर सारखा केला आणि अंधारात निघून गेली.

कुंडलिकला भाकरी गेली नाही. त्यानं दाराला आतून कडी घातली, घोंगडी अंगावर घेतली, आणि इंजिनाला पाठ लावून पडला. इंजिन अजून कोमट होतं. रखमाजीरावांच्या घरातल्या घड्याळाचे ठोके तिथवर ऐकू यायचे. दहा ऐकले. अकरा ऐकले. मग डोळा लागला.

जाग आली ती थंडीनं. पाठीमागचं इंजिन गार पडलं होतं. घड्याळानं बारा दिले. शेवटचा ठोका विरला…

आणि मग ते ऐकू आलं.

टप्.

पट्ट्याची दोन टोकं जिथं जोडतात तिथं एक सांधा असतो. प्रत्येक फेऱ्याला तो सांधा ढोलावर आपटतो. एक फेरा, एक टप्. मिस्त्री लोक डोळे मिटून त्या आवाजावरून गती सांगतात.

टप्.

चार श्वासांचं अंतर. टप्.

उंदीर असेल, असं कुंडलिकनं मनाशी म्हटलं. पण त्याचा कान वीस वर्षं हेच ऐकत आला होता. पट्टा फिरत होता. अगदी संथ. डाव्या टोकाला.

त्यानं इंजिनावर हात ठेवला. गार. दगडासारखं गार. मोठं चाक चाचपलं. थांबलेलं.

टप्.

कंदील मोठा करून तो मधल्या दारात आला. पुढं पाऊल टाकवेना. तिथूनच उजेड धरला.

जो पट्टा त्यानं स्वतःच्या हातांनी उतरवला होता, तो ढोलांवर चढलेला होता. ताठ. आणि फिरत होता.

दांडा एका अंगाला नुसता उभा. त्याची बोटं रिकामी. पट्टा बोटांमधून नव्हताच.

मग त्याला ते दिसलं. पट्ट्याची डावी कड एका जागी आत दबलेली होती. चार बोटं रुंद. पट्टा पळत होता, पण ती दबलेली जागा पळत नव्हती. तिथल्या तिथंच. तळव्यानं कडेला दाब द्यावा… तशी.

तिथं कुणीच नव्हतं.

दाब वाढला. पट्टा उजवीकडं सरकला. एक बोटभर.

टप्. टप्.

“कोंडिबा…”

त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

“म्या येनारच हुतो… चार दिसांत…”

टप् टप् टप्. पट्टा आणखी सरकला.

“काम निगालं रं… भोरात काम…”

टप्टप्टप्. ढोल घुमायला लागले. कोंडा उडाला. कंदिलाची ज्योत आडवी झाली. दबलेली जागा आता तिथल्या तिथं नव्हती. ढोलाकडं चालली होती. वीतभर राहिली. चार बोटं. दोन…

कुंडलिकनं डोळे मिटले.

“म्याच सांगितलं!” तो ओरडला. “हातानं सरकव म्हनून म्याच सांगितलं! तू प्यालेला नव्हतास… म्याच…”

टप्.

एकच.

मग काही नाही.

कितीतरी वेळ काही नाही.

डोळे उघडले तेव्हा पट्टा खाली सैल पडला होता. जसा त्यानं सोडला होता, तसाच. कोंडा हवेत तरंगत होता आणि हळूहळू खाली बसत होता. बाहेर चंद्र वर आला होता. कुंडलिक उजाडेपर्यंत त्याच दारात उभा होता, कंदील दोन्ही हातांत धरून.

फटफटलं तसा तो सगुणाबाईच्या घरी गेला. ती चूल पेटवत होती. हा अंगणातच बसला आणि सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं. रात्रीचं सोडून सगळं. चूल विझली तरी तिनं फुंकली नाही. शेवटी म्हणाली,

“हे मला सांगून काय उपेग? म्या न्हवतं लिवलेलं. जिथं लिवलंय तिथं सांगा.”

दोघं निघाली. नसरापूरपर्यंत चालत. ती दहा पावलं पुढं, हा मागं. सगळ्या वाटेत तिनं वळून बघितलं नाही. दुपारच्या मोटारीनं भोर गाठलं आणि कचेरीच्या पायऱ्या चढली.

गिरणीचं पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. रखमाजीरावांनी बरीच आदळआपट केली, पण जबाब झाला तो झाला. पंचनाम्यातला ‘प्यालेला’ हा शब्द खोडला गेला, आणि ते चावडीवर वाचूनही दाखवलं. सगुणाबाई तेव्हा पुढं बसली होती म्हणतात. कुंडलिकला तिनं माफ केलं का? नाही. पुढं कधी समोर आला तर ती वाट बदलायची. पट्टा मात्र त्यानंतर जागेवर राहिला. गिरणी अजून चालते.

तर कचेरीत. कारकून म्हातारा, चष्मा नाकावर. त्यानं सगळा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि म्हणाला, “कर सही.”

“सही येत न्हाई, रावसाहेब.”

“मग अंगठा दे.”

शाईची गादी पुढं आली. कुंडलिकनं डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. कारकुनानं बघितलं. कपाळाला आठी पडली. “नीट टेकव. घसरला.” दुसऱ्यांदा टेकवला. तिसऱ्यांदा कारकुनानं स्वतः त्याचा अंगठा धरून दाबला. मग उजवा घेतला. मग एकेक बोट.

कागदावर दहा काळे ठिपके पडले. भरीव. गुळगुळीत. एकातही रेघ नाही.

कारकुनानं त्याचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात उलटे केले. तळहातांवर आयुष्याची रेघ नाही, नशिबाची नाही, बोटांच्या पेरांची नाही. वर्षानुवर्षं ढोलावर घासून चामडं कसं चकचकीत होतं… तसे.

“कशात घातले होतेस रे हात?” त्यानं विचारलं.

कुंडलिकनं रात्रभर फक्त कंदील धरला होता.