जोडीतला दुसरा पाइप

कवळीवाल्यांनी जन्मात तंबाखू ओढली नाही, पण जुन्या डॅनिश पाइपांचं वेड असं, की काही विचारू नका. सकाळभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि दुपारी जेवण उरकलं की कपाटातले सत्तावीस पाइप एकेक काढून पुसत बसायचं. अठ्ठाविसावा आला तो घड्याळजी गेल्यावर. घड्याळजी म्हणजे त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र.

घड्याळजींकडे जोडी होती. डेन्मार्कच्या कुणा कारागिरानं एकाच लाकडातून कोरलेले दोन पाइप, हुबेहूब सारखे. गोंधळ नको म्हणून वहिनींनी, म्हणजे घड्याळजींच्या बायकोनं, एकाच्या काळ्या रबरी टोकाला लाल दोरा गुंडाळला होता. तो दोऱ्याचा पाइप नवऱ्याच्या कोटाच्या खिशात घालूनच त्यांनी त्याला शेवटचा निरोप दिला. दुसरा कवळीवाल्यांच्या हातात ठेवताना म्हणाल्या, "भाऊजी, टोकावर त्यांच्या दातांच्या खुणा आहेत. तेवढ्या राहू द्या. मी दर गुरुवारी येऊन बोट फिरवून जाईन. घरी ठेवला तर दिवसभर तेच करत बसेन."

पण सवय मेली फार वाईट. कपाटात नवा पाइप आला की त्याची काजळी खरवडायची, टोक दिव्यावर शेकायचं, म्हणजे दाबलेलं रबर आपसूक वर येतं, आणि मग घासून चकचकीत करायचं. रेडिओ ऐकता ऐकता हातांनी सगळं केलं. टोकात स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा कुठे कवळीवाल्यांच्या ध्यानात आलं. मित्राची उरलीसुरली खूण त्यांनीच पुसली होती.

घड्याळजींच्या दातांचे प्लास्टरचे साचे दुकानात पडून होते. एकदा दोन दात बसवून घेतले होते ना त्यांनी! कवळीवाल्यांनी टोक पुन्हा शेकलं आणि वरच्या-खालच्या साच्यांत धरून दाबलं. काम बेमालूम झालं. गुरुवारी वहिनींनी अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हेच." कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी पाइप तसाच परत कपाटात ठेवून दिला.

सोमवारी वाटलं, खुणा जरा खोल झाल्यात. मंगळवारी दुकानात गोडसर तंबाखूचा वास येऊ लागला. बुधवारी खुणांमध्ये नख रुतत होतं, आणि भर दुपारी साच्यांच्या बंद खणातून आवाज येत होता... प्लास्टरवर प्लास्टर घासल्यासारखा, सावकाश. खण उघडायचं धाडस काही त्यांना झालं नाही.

गुरुवारी वहिनींचा अंगठा टोकावर गेला आणि तिथेच थबकला.

"हे रागावलेत," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी खोटं बोललं की भांडायचे नाहीत... नुसता पाइप दातांत आवळून धरायचे. भाऊजी, काय झालंय?"

कवळीवाल्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांना रडू आवरेना. वहिनींनी पाइप टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "साचे बघू."

दोन साचे दोन वेगळ्या कागदांत गुंडाळून ठेवलेले होते. खण उघडला तर कागद बाजूला पडलेले आणि साचे एकमेकांत घट्ट आवळलेले. कवळीवाल्यांनी ओढून पाहिले, पार घामाघूम झाले, पण दात काही सुटेनात. वहिनींनी साचे स्वतःच्या ओंजळीत घेतले आणि तोंड अगदी जवळ नेलं.

"अहो..." त्या कुजबुजल्या. "कबूल केलंय त्यांनी. चूक झाली त्यांची. सोडा आता..."

टक् करून बारीक आवाज झाला. वरचा साचा अलगद सुटला. आत रबराचा काळा तुकडा होता, पाइपाच्या टोकाचा, चावून तोडलेला.

कवळीवाल्यांनी चटकन टेबलाकडे पाहिलं. पाइप तिथेच होता, टोकासकट अख्खा.

वहिनींनी तो तुकडा उचलून उजेडात धरला. त्याच्याभोवती लाल दोरा होता, त्यांच्याच हातची गाठ मारलेला. दोरा ओला होता, आणि अजून कोमट होता.