तिसऱ्या हाकेला ओ

डोंबिवलीच्या त्या गल्लीत लिंबू-मिरची न टांगलेलं दुकान एकच होतं, रवींद्रचं. घरी रोज बुद्धवंदना, भुताखेताला थारा नाही, आणि शेजारचे दुकानदार चिडवायचेच, ‘मेलेल्या कॉम्प्युटरांवर जगतोस, तुला रे कोणाची नजर लागणार?’ तेही खोटं नव्हतं. नव्या लॅपटॉपवाल्यांनी हात झटकलेली जुनी धुडं शेवटी रवींद्रच्याच टेबलावर येऊन पडायची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी कलावतीबाई कळव्याहून रिक्षानं आल्या. सत्तरीच्या बाई, खाडीकाठी एकट्या राहणाऱ्या. जुन्या चादरीत बांधलेला कॅबिनेट रिक्षावाल्यानं आत आणून ठेवला.

“माझ्या सुशांतचा आहे,” त्या म्हणाल्या. “यात त्याचा आवाज आहे. तेवढा काढून दे, बाळा.”

“कसला आवाज, मावशी?”

“नवीन माईक आणलेला त्याने. चालतो का बघायला मला हाका मारलेल्या. मी चपात्या करत होते, ओ पण नाही दिली. त्याच पावसाळ्यात गेला तो.” त्यांनी पदरानं चेहरा पुसला. “फोटो आहेत रे घरात. पण आवाज आता आठवतच नाही. किती आठवायला गेले तरी दुसऱ्याच कोणाचा तरी आठवतो.”

रवींद्रला वाईट वाटलं. त्यानं पेचकस घेतला आणि झाकण उघडलं.

आत वीस वर्षांची धूळ, आणि त्या काळची ती चपटी, राखाडी, चार बोटं रुंद पट्टी. तेव्हा डिस्क अशाच जोडायचे, एका पट्टीवर दोन. वाट एकच आणि बोलणाऱ्या दोघी, म्हणून कोण थोरली आणि कोण धाकटी ते आधीच ठरवून द्यावं लागायचं. त्यासाठी डिस्कच्या पाठीवर एक इवलीशी टोपी बसवायची. तिला म्हणायचं जंपर. इथे पट्टीवर थोरली होती. धाकटीच्या जागचं टोक मोकळंच लोंबत होतं.

“दुसरी डिस्क कुठे गेली?”

“ती सुशांतनेच नेलेली. तिकडे नदीकाठी मोहन्याला, मित्राकडे. टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलेली, गाणी भरून आणायला. परत येताना नदीवर पाय घसरला त्याचा. तो मिळाला आम्हाला, खाली खाडीत, कोलशेतच्या बाजूला. पिशवी नाही मिळाली.”

रवींद्रनं ते मोकळं टोक बाजूला सारलं. मग खरं तेच बोलला. “मावशी, आवाज त्या डिस्कवर असेल तर माझ्या हातात काही नाही.”

“बघ तर खरं.”

थोरली सोडवून आपल्या मशीनला लावावी म्हटलं, तर तिचा जंपर ‘धाकटी सोबत आहे’ या जागी होता आणि गंजून तिथेच चिकटला होता. जोर लावला असता तर पिनच तुटली असती. धाकटी काढून नेताना पोरानं तो बदलला नव्हता. घाईत सगळेच विसरायचे. नाइलाजानं रवींद्रनं जुनाच कॅबिनेट जोडला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, डिस्क कुरकुरली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच थांबली.

“काय झालं?”

“हा सुरू झाला की एकेकीला हाक मारतो. थोरली धाकटीची वाट बघतेय. ती सोबत आहे असंच तिला सांगून ठेवलंय ना. ओ येत नाही तोवर ही अशीच खोळंबणार.”

“इतकी वर्षं?”

“नाही हो, थोडा वेळच. मग कंटाळते.”

कलावतीबाई खुर्चीत सावरून बसल्या. “आमच्या गावाला तीन हाका झाल्याशिवाय ओ देत नाहीत. ते जे असतं ना... ते तिसरी हाक मारत नाही.”

रवींद्र हसला. तेवढ्यात पडद्यावर थोरलीचं नाव उमटलं. त्याच्याखाली धाकटीचंही.

त्यानं मोकळं टोक हातात घेऊन पाहिलं. मोकळंच होतं. त्यानं स्वतःला समजावलं, सोबतीण नसली की थोरलीच तिच्या वतीनं जबाब देते, शेजारीण ‘त्या घरात नाहीत’ सांगते तशी. पण शेजारीण ‘नाहीत’ म्हणते. इथे कंपनीचं नाव, आकडा, सगळं नीट आलं होतं.

आतमध्ये धाकटीचा कप्पा उघडला. गाणी, सिनेमे, आणि ‘आई’ नावाची एक फाइल. बाई पडद्याकडे बघत होत्या, आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. त्यानं ती लावली.

खरखर. मग एक कोवळा, जरा घोगरा आवाज. “आई...”

कलावतीबाईंनी तोंडावर हात दाबला. डोळे वाहायला लागले.

“आई...”

दोघंही हलले नाहीत. बाहेर गल्लीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. खरखर लांबत गेली, संपली असं वाटलं.

“आई!”

“ओ,” कलावतीबाई म्हणाल्या. अगदी घरातून म्हणावं तसं, सहज. मग हुंदका आवरून हसल्या. “तिसरी मारली रे त्याने. तोच आहे.”

फाइल संपली. रवींद्रनं त्यांना पाणी दिलं. पेनड्राइव्हवर घालून ठेवतो, फोन करतो, असं सांगून रिक्षात बसवलं.

परत येऊन त्यानं फाइल उतरवून घेतली. मग कॅबिनेट बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी तो कुठेच खोळंबला नाही. जंपर होता तिथेच होता, पण धाकटीचं नाव काही आलं नाही.

संध्याकाळी दुकान आवरताना, फाइल नीट उतरली ना, म्हणून त्यानं पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावून ऐकला. सुशांतचा आवाज नव्हता. पंख्याची घरघर होती, गल्लीतली स्कूटर होती. त्याच्याच दुकानातली दुपार. जुन्या कॅबिनेटला माईक नव्हता, दुकानातही नव्हता. मग कलावतीबाईंचं “ओ” आलं, आणि त्यांचं हसणंही.

तो बंद करणार होता, पण फाइल अजून बाकी होती. पंख्याचा आवाज थांबला. आता नुसतं पाणी ऐकू येत होतं, कशावर तरी हळूहळू आपटणारं. आणि त्या पाण्यातून बाईंचा आवाज, जरासा धापा टाकत... “आले रे... थांब, आले.”

दुकानात त्या असं काही बोलल्या नव्हत्या.

रवींद्रनं लगेच फोन लावला. कलावतीबाईंनीच उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती. त्या जेवायच्या तयारीत होत्या.

“झाली का रे कॉपी?”

“नाही, मावशी. अजून नाही झाली.”

“होऊ दे सावकाश. मला आता आठवतोय त्याचा आवाज.”

पेनड्राइव्ह त्याच्या खणात आहे. त्या दर दोन-चार दिवसांनी फोन करतात आणि तो तेच उत्तर देतो. कालही त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, घाई करू नकोस, हल्ली खाडीवरून कोणीतरी हाक मारतं, पण दोनदाच.