वासिलीच्या जागेवर

नदी गोठली की शनिवारी दुपारी ओलिंकाचं एक काम ठरलेलं असायचं. परसातल्या वाफघरात बादल्या भरून ठेवायच्या. आधी पुरुष बसायचे, मग उरलेल्या उष्णतेत बायका. त्या शनिवारी तिचा नवरा एवन लवकरच बाहेर आला, कंबर दाबत. बर्फात रुतलेली स्नोमशीन गाडी उचलताना पाठ धरली, म्हणाला. मांडीवरचं गळू मात्र सुकलं होतं आणि त्याची त्याला कोण ऐट! वाफेनं सगळी घाण ओढून काढली, आता तरी दवाखान्याचं टुमणं बंद कर, असं त्यानं बायकोला सुनावून घेतलं.

तसं त्या गावात गळू कुणाला होत नव्हतं? एकाचं बसलं की दुसऱ्याला उठायचं. बसायची फळी सगळ्यांची एकच, आणि बसायचं उघड्या अंगानं. त्यातून एवन बसायचा तो थोरल्या भावाच्या जागेवर. हा थोरला, वासिली, मागच्या हिवाळ्यात पाठ धरलीय म्हणून पडून राहिला आणि गेला. एवनचा त्याच्यावर फार जीव. दादाची जागा रिकामी ठेवायची नाही, म्हणायचा.

शेजारणींची वाट पाहून ओलिंका एकटीच आत शिरली. आत दिवा नव्हता. शेगडीच्या फटीतून येईल तेवढाच तांबूस उजेड. तिनं तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, तोंडाशी ओलं फडकं धरलं आणि फळीवर आपल्या जागी टेकली. वाफ दाटली. जरा वेळानं तिला वाटलं, आपला श्वास आज फार मोठ्यानं ऐकू येतोय. तिनं तो रोखून धरला.

श्वास चालूच राहिला. तिच्या अगदी शेजारी.

मग वास आला. धुराच्या खाली दबलेला, गोडसर, सडका. गेलेल्या वासिलीचं अंग शेवटचं पुसताना हाच तिच्या हातांना लागला होता, आणि किती धुतले तरी गेला नव्हता.

"भावोजी...?"

त्या भट्टीसारख्या उष्णतेत एक थंडगार बोट तिच्या कमरेवर, मणक्यावर टेकलं.

"इथून सुरू झालं... मग पाय गेले..." आवाज खोल, दमलेला. "गळू सुकलं होतं गं... माझंही."

ओलिंकाच्या अंगावर सरसरून काटा आला. पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त तिला संताप आला.

"तुम्ही गेलात, भावोजी," ती हळूच म्हणाली. "त्याला मी जाऊ देणार नाही."

कपडे कसेबसे अंगावर ओढून ती घराकडे धावली. ओले केस वाटेतच कडक झाले. एवन पांघरुणात हुडहुडत होता, अंग तापानं फणफणलेलं. तिनं त्याच्या मणक्यावर नेमकं तिथंच दाबलं, तसा तो कळवळला. पायाच्या तळव्यावरून नख ओढलं, तर त्याला पत्ताच नाही. लघवीला कधी गेला होतास, विचारलं, तर आठवेना. वर हसून म्हणतो कसा, दादासारखी पाठ धरलीय, दुसरं काय. ते ऐकून ती तशीच पुन्हा बाहेर पळाली.

गावच्या दवाखान्यातल्या आरोग्यसेविकेला, मात्रोनाला, तिनं हाताला धरून आणलं. मात्रोनानं शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. गळू, ताप, पाठ आणि बधिर पाय एवढं ऐकताच डॉक्टरांनी तिला पुढं बोलूच दिलं नाही, त्याला न्यायला विमान धाडलं. एवनची कुरकुर चालूच होती, एवढ्याशा पाठीसाठी विमान, गाव हसेल.

"हसू दे," ओलिंका म्हणाली. "चालत परत आलास की तूही हस."

गळवाचे जंतू रक्तात शिरून मणक्यात पोचले होते. आत पू साठून पायांच्या नसा दाबल्या जात होत्या. वरून सुकलं म्हणून आतून बरं झालं असं नसतं, डॉक्टर म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते, कदाचित माणूसही. शहरात पोचला त्याच दिवशी पाठ उघडून त्यांनी पू काढला. पुढं कितीतरी दिवस शिरेतून औषध चालू होतं. एका सकाळी एवनच्या पायाचा अंगठा हलला, आणि ओलिंका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत मोठ्यानं रडली.

त्याला तिथंच ठेवून ती गावी आली ती कुऱ्हाड घ्यायला. ती फळी तिला आता ठेवायचीच नव्हती. ती गेल्यापासून वाफघर कुणी पेटवलं नव्हतं. दार ओढलं तर भिंतींवर, शेगडीवर, दगडांवर पांढरं दहिवर गोठलेलं.

फळीवर मात्र दोन ओले डाग होते, बसल्याचे. दोन्हींतून वाफ निघत होती. एक रुंद, वासिलीच्या जागेवर. दुसरा त्याला अगदी खेटून, अरुंद, बाईमाणसाचा. ओलिंका त्याच्याकडे बघत राहिली. ती तिची नेहमीची जागा होती.

पहिला घाव तिनं तिथंच घातला. फळी दुभंगली. आतलं लाकूड ऊन होतं.