वाचक क्रमांक बावीसशे अठरा

मंदाकिनी पाटणकर काचेच्या खोलीत लिहायला बसल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि गावोगावची तीन हजार नऊशे माणसं त्यांच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत होती.

साताऱ्याबाहेरच्या टेकडीवर अवधान संशोधन केंद्राची इमारत होती. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत मधोमध ही खोली उभारली होती. आत एक टेबल, एक संगणक आणि पाण्याचा तांब्या, एवढंच. मंदाकिनीबाई जे अक्षर टाइप करतील ते त्याच क्षणी वाचकांच्या पडद्यावर उमटणार होतं. खोडलं तर खोडलेलंही दिसणार होतं. ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोयीचं त्यांच्यासाठी एक यांत्रिक आवाज उमटणारं प्रत्येक अक्षर आणि शब्द वाचून दाखवणार होता.

त्यांच्यावर ही वेळ आली होती, कारण पाच वर्षांत त्यांच्या हातून एकही कादंबरी पूर्ण झाली नव्हती. घरी लिहायला बसल्या की दहाव्या मिनिटाला हात फोनकडे जाई, मग कुणाचा तरी वाढदिवस आठवे, मग कपाट आवरावंसं वाटे. अर्धवट कादंबऱ्या आठ झाल्या होत्या. चौपन्नाव्या वर्षी आपलं लेखन संपलं, असं त्यांनी मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं. अशातच केंद्राचे डॉ. इम्तियाज बागवान या प्रयोगाचा प्रस्ताव घेऊन त्यांच्याकडे आले.

"म्हणजे लोक बघतायत या लाजेनं मी लिहीन, असं म्हणणं आहे का तुमचं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं होतं.

"लाजेचा उपयोग होतोच," बागवान म्हणाले, "पण त्यासाठी मी कशाला हवा? बाजारपेठेत टेबल टाकून बसलात तरी चालेल. माझं म्हणणं वेगळं आहे. वाचताना आपला मेंदू सतत पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतो. तो शब्द येण्याची वाट पाहताना आणि तो आल्यावर मेंदूत एक बारीक विद्युतलहर उठते. आम्ही तिला अपेक्षालहर म्हणतो. नुसत्या ओळींवरून डोळे फिरवणाऱ्याच्या डोक्यात ती उठत नाही. मनापासून वाचणाऱ्याच्याच उठते. कपाळावर अवधानपट्टी बांधली की ती मोजता येते."

"मोजून काय करणार?"

"सगळ्या वाचकांच्या लहरी एकत्र करून तुमच्या मनगटावरच्या स्पंदकंकणाकडे पाठवणार. वाचक गुंतले की कंकण हलकेच दाबेल, सुटले की सैल पडेल. तुम्ही एकट्या असता तेव्हा लक्ष धरून ठेवायचं काम तुम्हालाच करावं लागतं. इथे हजारो माणसं ते तुमच्यासाठी धरून ठेवतील."

"आणि मधेच उठून आमटी ढवळून येणारे?"

बागवान हसले. "त्यांना वजन कमी. ज्याचं लक्ष जितकं स्थिर, तितकं त्याच्या लहरीला वजन जास्त. त्याला आम्ही स्थैर्यगुणक म्हणतो."

पहिल्या दिवशी पहिली दहा मिनिटं मंदाकिनीबाईंना घाम फुटला. एक वाक्य त्यांनी तीनदा खोडलं. मग कादंबरीतली पाणबुडी गुरूच्या युरोपा या उपग्रहावरच्या बर्फाखाली उतरली आणि कंकणाने मनगट दाबलं. गर्दीत कुणीतरी ओळखीच्या माणसाने हात धरावा तसा तो स्पर्श होता. त्यानंतर थेट चार वाजता त्यांनी मान वर केली. अडीच हजार शब्द झाले होते आणि त्या जेवायला विसरल्या होत्या.

असं लेखन त्यांनी तिशीतसुद्धा केलं नव्हतं. सकाळी डोळे उघडले की कधी एकदा काचेत जाऊन बसते असं त्यांना होई. कादंबरीचं नाव 'हिमतळ' ठरलं. दोन आठवड्यांत अकरा प्रकरणं झाली. मनातल्या आराखड्याप्रमाणे नचिकेत नावाचा पाणबुडीचा चालक चौथ्या प्रकरणात मरायचा होता. पण त्याच्या मरणाचं वाक्य लिहायला घेतलं की कंकण एकदम सैल पडे, आणि तो अजून जिवंत असल्याची नुसती शंका लिहिली तरी घट्ट आवळे. मग मंदाकिनीबाईंनी त्याला जिवंत ठेवलं. बर्फात अडकलेल्या पाणबुडीत तो एकटा होता. वर जहाजावरच्या लोकांचं बोलणं त्याला ऐकू येत होतं, त्याचा आवाज मात्र वर पोहोचत नव्हता. वरचे लोक त्याला मेलेला समजून परत निघायची तयारी करत होते. हे सगळं आपल्याला कुठून सुचतंय, असं त्यांना मधूनच वाटे, पण थांबून विचार करायला सवड कुणाला होती?

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी बागवान आलेख घेऊन आत आले. चेहरा गंभीर होता.

"मंदाताई, हे बघा. सुरुवातीला तुम्ही शब्द लिहायचात, मग वाचकांची लहर उठायची. गेले आठ दिवस उलटं चाललंय. लहर आधी येतेय. अर्ध्या वाक्यावर तुम्ही थांबता, दोन-तीन शब्दांची पहिली अक्षरं टाकून बघता, आणि ज्या अक्षराला कंकण दाबतं तो शब्द पुरा करता."

ते खरं होतं आणि मंदाकिनीबाईंना ते आतून ठाऊक होतं.

"एवढ्या वाचकांनी मिळून असं केलं असतं तर मी नाचलो असतो," बागवान पुढे म्हणाले. "पण निम्म्याहून जास्त वजन एकाच पट्टीवरून येतंय. वाचक क्रमांक बावीसशे अठरा. बाकीच्यांचं लक्ष मिनिटामिनिटाला डुचमळतं. आपलं सगळ्यांचं तसंच असतं. याचं सहा सहा तास हलत नाही. एकदाही नाही."

"कोण आहे हा माणूस?"

"माणूस नाहीच तो. माणसाचं लक्ष इतकं टिकत नाही. कुणीतरी पट्टीला यंत्र जोडलंय आणि तुमची कादंबरी ते यंत्र हाकतंय. नोंदणी मिरजेची आहे, बाकी नाव-पत्ता नियमाप्रमाणे आम्हाला बघता येत नाही. बंद करतो ती पट्टी."

इतक्या वर्षांनी हात चालला, तोही दुसऱ्याच कुणाचा होता का? "करा बंद," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पुस्तक माझं असायला हवं."

दुसरा दिवस वाईट गेला. कंकण कधी दाबे, कधी सोडे, कशालाच अर्थ नव्हता. कथा तर ऐन मोक्यावर आली होती. पाणबुडीची दोन्ही दारं बर्फाने गच्च धरली होती, हवा संपत आली होती आणि नचिकेतला बाहेर काढायची काही युक्ती सुचत नव्हती. दिवसभरात जेमतेम दोनशे शब्द झाले आणि त्यातले निम्मे त्यांनीच खोडले. वाचकांच्या देखत.

तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात फोन आला. मिरजेहून एक बाई बोलत होत्या. बागवानांनी तो मंदाकिनीबाईंना ऐकू येईल असा लावला.

"मी कमल मगदूम. आमची पट्टी परवापासून बंद आहे. आमचं काही चुकलं का साहेब?"

"तुमचा क्रमांक?"

"बावीसशे अठरा."

बागवानांनी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. "कमलताई, त्या पट्टीला तुम्ही काय जोडलं होतं, खरं सांगाल का?"

"सांगते. मी खोटं बोलले. नोंदणीत माझं नाव दिलं आणि पट्टी माझ्या भावाला बांधली. अण्णा चार वर्षं अंथरुणावर आहे. मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हापासून बोट हलवत नाही, पापणीसुद्धा त्याच्या मनाने हलत नाही. डॉक्टर म्हणतात, त्याला काही कळत नाही. पण आयुष्यभर तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. म्हटलं, शब्द तरी कानावर पडू देत. बाईंचं लिखाण रोज त्याच्या उशाशी लावते. पट्टीवरचा दिवा लागला की बरं वाटायचं. तो विझल्यापासून मला काही सुचत नाही."

बागवान खुर्चीत बसले. म्हणाले, "यंत्र समजून मी एका माणसाला तोडलं."

"तोडलं मी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "चला, गाडी काढा."

दुपारी ते मिरजेच्या शुश्रूषागृहात पोहोचले. खोली स्वच्छ होती, खिडकीत तुळस होती. अण्णासाहेब मगदूम उशांना टेकवलेले होते, नजर समोरच्या भिंतीवर. कमलताई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी भावाच्या कपाळावरचे केस मागे सारून पट्टी बांधली. हिरवा दिवा लागला. बागवानांनी सोबत आणलेल्या संगणकावरून बाकीचे सगळे वाचक बाजूला केले आणि कंकण या एकाच पट्टीला जोडलं.

"आशा लावून बसू नका," ते कमलताईंना हळू आवाजात म्हणाले. "स्थिर लहर म्हणजे आतून कुणी ऐकतंयच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. विचारून बघावं लागेल."

"कसं विचारणार?"

"ज्या अक्षराची वाट बघाल तेच कानावर पडलं की लहर उठते. मंदाताई एकेक अक्षर लिहितील, आवाज ते वाचेल."

मंदाकिनीबाई पलंगाजवळ वाकल्या. "अण्णा, मी मंदाकिनी. 'हिमतळ' लिहिते ती. तुम्हाला काही सांगायचं असेल तर पहिलं अक्षर मनात धरा. ते आलं की मला कळेल."

क. ख. ग. घ. कंकण सैल होतं. च.

मनगट दाबलं गेलं. इतकं स्पष्ट, की त्यांनी दुसऱ्या हाताने कंकण धरलं. चा. चि. ची. चु. चू. पुन्हा दाब. मग त्या परत पहिल्या अक्षराकडे गेल्या, आणि पहिल्याच 'क'ला तिसऱ्यांदा दाब आला.

"चूक," मंदाकिनीबाईंनी मोठ्याने वाचलं.

कमलताईंनी भावाचा खांदा धरला. त्यांना एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. "तोच आहे. लग्नपत्रिका हातात दिली तरी आधी त्यातल्या चुका काढायचा. अण्णा, अरे चार वर्षांनी पहिला शब्द हा?"

"कसली चूक, अण्णा?" मंदाकिनीबाईंनी विचारलं आणि पुन्हा अक्षरं सुरू केली. अर्धा तास लागला. दा. रं. ती. न.

क्षणभर त्यांना उलगडा झाला नाही. मग त्यांनी घाईघाईने पहिलं प्रकरण उघडलं. नचिकेत पाणबुडीत शिरतो तिथे त्यांनीच लिहिलं होतं: तीन दारं, दोन बाजूंना आणि एक तळाशी, यंत्रदुरुस्तीसाठी. पुढे अकराव्या प्रकरणात त्या दोनच दारं लिहून बसल्या होत्या. इतक्या वाचकांपैकी दुसऱ्या एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

बागवान फोनवर कुठल्याशा मेंदूतज्ज्ञाला घाईघाईने बोलावत होते. "नाही, कल्पना नाही माझी. त्यांनी पुस्तकातली चूक काढलीय. हो, नेमकी."

मंदाकिनीबाईंनी थेट प्रक्षेपण सुरू केलं. वाचक भराभर परत येत होते. त्यांनी लिहिलं: नचिकेतला तळातलं दार आठवलं. वाक्य पुरं व्हायच्या आत कंकण आवळलं आणि त्या थांबल्या. आता घाई नचिकेतची नव्हती. त्यांनी प्रक्षेपण तिथेच थांबवलं, खुर्ची पलंगाला भिडवली आणि कमलताईंना भावाचा हात हातात घ्यायला सांगितलं.

"अण्णा," त्यांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मग पुन्हा 'क'पासून सुरुवात केली. पहिलं अक्षर 'ब' निघालं, दुसरं 'रं', आणि तिसरं 'च'.