माझ्या नावाचं मीटर

वायरमन आला तेव्हा त्याच्या हातात पक्कड होती, आणि माझ्या भट्टीची लाईन कापायचं काम त्याच्यावर सोपवलेलं होतं.

"दादांचा फोन होता," तो दारातूनच म्हणाला. "मागच्या खोलीतली भट्टीची लाईन काढून टाकायचीय."

मी मेन स्विचच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. भट्टी चालू होती. आत माझे भिंतीवरचे मातीचे दिवे होते... लाटलेले, कापलेले, वळवलेले, सुकवलेले. आता वीज गेली असती तर झिलई कच्ची राहिली असती, कदाचित तडेही गेले असते.

"कापा की," मी म्हणाले. "पण आधी मला इथून हलवावं लागेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भट्टीच्या भोकातून दिसणाऱ्या नारिंगी उजेडाकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.

"कधी होईल?"

"संध्याकाळ होईल."

"बरं." तो मातीच्या पोत्यावर आरामात बसला. "मग संध्याकाळपर्यंत मला ती वायर सापडत नाहीये."

मला हसायचं नव्हतं. ओठ आपले आपणच फितूर झाले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घरूनच नोकरी करायचा. माझी भट्टी तापली की सगळ्या घराचा लोड ओढून घ्यायची आणि वरच्या मजल्यावर त्याची मीटिंग ऐन रंगात आली की घरभर अंधार. त्याचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. पण त्याच्याकडे औषध एकच — बंद कर हे मातीचे खेळ. बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचा असायचा, आणि त्या शेवटच्या शब्दानंतरही बोलणारी मी एकटीच होते.

"ही काय, कौलं?" वायरमनने फळीवरची एक कच्ची वस्तू उचलली.

"दिवे आहेत. भिंतीवरचे. आणि हळू, कच्चा आहे अजून."

"कोण, मी?"

"दोघंही."

मग मी त्याला सांगत सुटले. दोन पट्ट्यांमध्ये माती लाटायची, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. चामड्यासारखी घट्ट झाली की कापायची, पाईपवर ठेवून बाक द्यायचा, पात्याने पानांच्या आकाराची भोकं पाडायची. घाईने सुकवली की रुसते, वाकडी होते. तो ऐकत होता. माझं असं ऐकून घेणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

सगळं ऐकून त्याने दिवा उलटा केला. "झकास आहे. पण डोक्यावर बंद ठेवलायस... ठेवलाय तुम्ही. बल्बची गरमी जाणार कुठून?"

मला राग आला. तो गेल्यावर पुढच्या सगळ्या दिव्यांना मी वरून तोंड ठेवलं. त्याला सांगितलं नाही. नंतर त्याच्या ते लक्षात आलं, त्यानेही बोलून दाखवलं नाही. नुसता गालातल्या गालात हसला, आणि ते हसणं मला जिव्हारी लागलं.

लाईन काही कापली गेली नाही. "जुनी वायरिंग आहे, भट्टीला वेगळं मीटर घ्या," असं त्याने दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "तिचे लाड मी करणार नाही."

वायरमन मात्र येत राहिला. कधी होल्डर घेऊन, कधी वायरचं भेंडोळं घेऊन, कधी नुसताच.

"मला जोडायला शिकव," एका दुपारी मी म्हणाले. बाहेर भुरभुर पाऊस होता, खोलीत ओल्या मातीचा वास. "दर वेळी तुझी वाट बघत बसणार नाही मी."

"बघत होतीस?"

"काय?"

"वाट."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर पडला. दोघंही उचलायला वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं. हसू काही केल्या आवरेना. तेवढ्यात दारात दादा.

"म्हणजे हे चाललंय इथे," तो म्हणाला. "उद्यापासून या खोलीला कुलूप. आणि तुम्ही इथे यायचं नाही."

"खोली माझी आहे," मी म्हणाले.

"अच्छा? घर कुणाचं आहे, सांग बघू."

"माझं," मागून आई म्हणाली.

ती वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन पडवीत उभी होती. आवाज चढवला नव्हता तिने, पण दादा गर्रकन मागे वळला.

"तुझे बाबा घर माझ्या नावावर करून गेलेत. तू विसरलास, मी नाही. मीटरसाठी सही लागेल ती मी देईन. मीटर तिच्या नावाचं येऊ दे. म्हणजे तुझाही उजेड जाणार नाही आणि तिचाही."

"आणि हे?" दादाने वायरमनकडे बोट केलं.

"ते तिला विचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो सोडून. तो हातातल्या होल्डरकडे असा बघत होता, जणू जन्मात पहिल्यांदाच पाहतोय.

"ते आधी मला त्याला विचारायचंय," मी म्हणाले. "आणि तुमच्यासमोर नाही."

दादा पाय आपटत वर गेला. नंतर कितीतरी दिवस आमचं बोलणं म्हणजे नुसतं हूं आणि बरं.

मीटर आलं. त्याने नवी वायर ओढली, मी बोर्ड जोडला, त्याने तपासला, सगळं ठीक निघालं. हत्यारं पिशवीत भरताना तो उगाचच वेळ काढत होता.

"झालं तुझं काम," तो म्हणाला. "आता होल्डर तुला जोडता येतो, फ्यूज बदलता येतो. कशालाच माझी गरज नाही तुला."

"नाहीच."

त्याचा चेहरा उतरला.

"म्हणून तर विचारतेय," मी म्हणाले. "गरज असती ना, तर मेले तरी विचारलं नसतं. लग्न करशील माझ्याशी?"

पिशवी त्याच्या हातातून खाली पडली. मी वाट बघत होते... हो, बघत होते.

"अट आहे काही?" शेवटी त्याने विचारलं.

"भट्टी बंद होणार नाही. तू म्हणालास तरी. तुझी आई म्हणाली तरी."

"मी नाही म्हणणार. आईचं तू बघ. तिच्यापुढे माझं काही चालत नाही."

"आत्ताच जाऊ या."

"आत्ता? असेच?" त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत माती.

"अशीच."

त्याच्या आईने दार उघडलं. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. नजर माझ्या नखांवर येऊन थांबली.

"निघत नाही का हे?"

"निघतं," मी म्हणाले. "पण उद्या परत लागतं. रोज लागणार."

तो माझ्याशेजारी श्वास रोखून उभा होता. आणि तरीही, आईच्या डोळ्यांदेखत, त्याने माझा मातीचा हात हातात घेतला.

त्याच्या आईने ते पाहिलं. मी बसायच्या आत तिने खुर्चीवरची पांढरीशुभ्र चादर उचलली आणि घडी करून बाजूला ठेवली.

"बस," ती म्हणाली. "मी कुठे मातीकाम बंद कर म्हणतेय?"